पायंडा पाडायचा तर

सणाचं एकत्र जेवण ही घरातली नवी प्रथा करायची ठरली, की पहिल्याच वर्षी बारा पदार्थांचा घाट घातला जातो. जेवणारे बोटं चाटतात, फोटो निघतात. दुसऱ्या वर्षी ओट्यापाशी उभं राहिलेल्यांना आधी कंबर आठवते, आणि तिसऱ्या वर्षी विषय निघतच नाही.

म्हणून सुरुवात एकाच पदार्थाने करावी. तो त्याच दिवशी व्हावा आणि दरवर्षी व्हावा. बाकीचं ताट खुशाल बदलू द्या. निवडताना चव बघालच, पण घरातल्या सर्वांत अडाणी स्वयंपाक्यालाही कृती वाचून तो जमेल का, हेही बघा. सगळा डोलारा एकाच सुगरणीच्या हातावर असेल, तर ती आजारी पडली त्या वर्षी सगळंच आडवं होतं. शिवाय निम्मं काम आदल्या रात्री उरकता आलं पाहिजे.

माझं मत विचाराल तर भरायचा किंवा वळायचा पदार्थ धरावा. त्यात सहा वर्षांच्या मुलालाही जागा असते आणि गुडघे दुखणाऱ्या आजीलाही, कारण काम बसून होतं. आकार वेडेवाकडे झाले तर होऊ देत, वजन मात्र सारखं हवं. 30 ग्रॅमचा गोळा आणि 50 ग्रॅमचा गोळा एकाच घाण्यात पडले, की मोठा आतून शिजेपर्यंत लहान करपतो. स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर पहिले चार-पाच तोलून घ्यावेत, पुढे हाताला अंदाज येतो. तळण असेल तर घाणा लहान घ्यावा. कढई गच्च भरली की तेल थंडावतं आणि पदार्थ तेल पितो. वळणारी मुलं टेबलापाशी आणि तेल दूर, इथे मात्र हयगय नको.

चौघांची कृती सोळा जणांसाठी करताना सगळंच चौपट करण्याचा मोह आवरावा. वाफ होऊन जाणारं पाणी भांड्याच्या तोंडाच्या रुंदीवर आणि शिजायच्या वेळेवर ठरतं, त्यामुळे रस्सा चौपट पाण्यात पातळच राहतो. पाणी, मीठ, तिखट आधी तिपटीवर थांबवावं. चाखून वाढवता येतं, काढता येत नाही. मोठ्या पातेल्याला उकळी यायलाच बराच वेळ लागतो, आणि 'अजून झालं नाही का' ही हाक बहुतेक तिथूनच सुरू होते. सोबत बरंच काही असेल तर तांदूळ माणशी 75 ग्रॅम पुरे, म्हणजे सोळा जणांना सव्वा किलोच्या आत. तोही दोन भांड्यांत लावावा. एकाच खोल पातेल्यात तळाचा गिचका होतो आणि वरचा फडफडीत राहतो.

उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भात पसरट भांड्यात काढावा, लवकर निवतो, आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावा.

तारखेचं म्हणाल, तर सणाच्या मुख्य दिवसाचा हट्ट सोडलेला बरा. त्या दिवशी प्रत्येक जोडप्याला दोन घरं ओढत असतात. त्यानंतरचा रविवार धरला तर रुसवेफुगवे वाचतात. पण एकदा ठरला की एकाला जमत नाही म्हणून तो हलवू नये. एकासाठी हलवला की पुढच्या वर्षी तिघांची कारणं तयार असतात. कामंही नावानिशी वाटावीत. 'काही मदत लागली तर सांगा' म्हणणारे शेवटी सोफ्यावरच सापडतात. ज्याने रांधलं त्याने घासायचं नाही, हा एक नियम लेखी असावा. ज्याला काहीच करता येत नाही त्याच्याकडे बर्फ, पाणी आणि कचऱ्याची पिशवी द्यावी. ही कामं क्षुल्लक वाटतात, पण ऐन वेळी अडतं ते त्यांच्याचपाशी.

त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, एका वहीत चार ओळी लिहाव्यात: किती माणसं होती, काय किती केलं, काय उरलं, काय आधी संपलं. कोणाला शेंगदाणा किंवा दूध चालत नाही, तेही. वही स्वयंपाकघरातच राहू द्यावी, कपाटात आत गेली की वर्षभराने कोणालाच सापडत नाही.