बाईंडिंगमधला वेताळ: जुने कॉमिक्स घेण्या-विकण्याचा माझा अनुभव

महाबली वेताळासारख्या नायकांच्या चित्रगोष्टींचे मराठी इंद्रजाल कॉमिक्स जमवायचे असतील तर इंग्रजी अंक विकायला शिकावं लागतं. मी विक्रीकडे वळलो तो एवढ्याच कारणाने. इंग्रजी अंक त्या मानाने बरेच मिळतात आणि त्यांना गिऱ्हाईक देशभर असतं. मराठी अंक मुळात कमी दिसतात, आणि दिसतात ते चार घरं, दहा मुलं आणि एक वाचनालय फिरून आलेले. पगारातून हा छंद चालणार नव्हता. म्हणून ठरवलं, मिश्र गठ्ठा घ्यायचा, इंग्रजी अंक आणि दुहेरी प्रती विकायच्या आणि त्या पैशातून मराठी अंकांच्या यादीतल्या फटी भरायच्या.

गठ्ठा मिळाला साताऱ्यात. भाड्याने पुस्तकं देणारं एक वाचनालय बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि माल मालकांच्या घरी माळ्यावर पडून होता. काकांनी पहिल्यांदाच बजावलं, "सगळं एकदम नेणार असाल तर बोला. निवडून द्यायचो नाही मी."

"काका, दोन-तीन खंड उघडून बघू ना?"

"बघा की. पण पान फाटलं तर तो खंड तुमचा."

खंड म्हणजे आठ-दहा अंक एकत्र शिवून, पुठ्ठा लावून केलेली बाईंडिंगची पुस्तकं. आधी वास घेतला. कुबट वास आला तर ओल अजून आत आहे. मग पुठ्ठ्याच्या आतली बाजू पाहिली, कारण बाईंडिंगची खळ पिठाची असते आणि कसर आधी तिच्यावर येते. मग आतल्या पानाचा कोपरा अगदी हलका वाकवला. न्यूजप्रिंटच्या कागदात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं. उजेड आणि हवा लागून ते पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि कागद पापडासारखा मोडायला लागतो. इथला कागद पिवळा होता, पण वाकत होता. माळ्यावरच्या अंधाराने त्याला वाचवलं होतं. पैसे ठरवताना मी फक्त धड दिसणाऱ्या अंकांचा हिशेब धरला, बाकीचे शून्य किमतीचे मानले. काकांना आकडा पटला.

घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे गठ्ठा बाकीच्या संग्रहापासून लांब ठेवणं. कसर एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जायला वेळ लावत नाही. संशय असलेले खंड मी प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद केले आणि डीप फ्रीझरमध्ये ठेवले. उणे 18 अंशांच्या आसपास दोन आठवडे ठेवलं की कीड मरते. बाहेर काढल्यावर मात्र पिशवी लगेच उघडायची नाही. ती पूर्णपणे खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर थंड कागदावर हवेतलं पाणी धरतं. डांबरगोळ्या मी वापरत नाही, त्यांचा वास कागदातून जाता जात नाही.

त्यानंतर आली मोजणी, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ तिनेच खाल्ला. लोक मुखपृष्ठाची चमक बघतात. मी आधी पानं मोजतो. पिनांना गंज चढला की मधलं जोडपान सुटतं, आणि त्याबरोबर गोष्टीची चार पानं जातात. वरून अंक देखणा दिसतो आणि आत वेताळ गुहेतून निघतो तो थेट शेवटच्या चौकटीत पोचतो. शिवाय कुणी कूपन कापलेलं असतं, कुणी कोडं पेनाने सोडवलेलं असतं. प्रत्येक अंकाचं प्रत्येक पान उलटून पाहिल्याशिवाय त्याला काहीही दर्जा देता येत नाही, यावर मी ठाम आहे.

ओळख पटवायला इतिहास माहीत असावा लागतो. इंद्रजाल टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने मार्च 1964 मध्ये सुरू केलं. पहिल्या अंकात फँटमच्या कमरपट्ट्याची गोष्ट होती. ली फॉक या अमेरिकन लेखकाचा हा नायक 1936 पासून अमेरिकन वर्तमानपत्रांत येत होता, मराठीत तो महाबली वेताळ झाला. पुढे मांड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी हे नायकही आले. 1976 मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. त्यांनीच रंगवलेल्या कित्येक मुखपृष्ठांसाठी लोक आजही अंक घेतात, आतली गोष्ट कुठली का असेना. 1990 मध्ये मालिका बंद पडली. इंग्रजी यादीत 123 आणि 124 हे क्रमांक सापडत नाहीत म्हणून नवे संग्राहक हैराण होतात. संपामुळे ते अंक निघालेच नव्हते. कुणी ते दोन क्रमांक 'दुर्मीळ' म्हणून देऊ करत असेल तर दारातूनच परत पाठवा.

गठ्ठ्यात अमर चित्रकथाही होत्या, आणि तिथली मेख वेगळी. 1967 मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेली ही मालिका पुन्हापुन्हा छापली गेली, त्यामुळे जुनं दिसणारं प्रत्येक पुस्तक पहिल्या छपाईचं नसतं. मी मलपृष्ठावरची पुस्तकांची यादी बघतो. हातातल्या क्रमांकाच्या खूप पुढची नावं त्या यादीत असतील तर ती नंतरची छपाई. छापलेली किंमतही तेच सांगते. सुरुवातीच्या छपाईत आतली पानं मोजक्या रंगांत असायची, पुढच्या छपाईत ती पूर्ण रंगीत झाली. क्रमांक 11 चा 'कृष्ण' राम वाईरकरांच्या रेषेतला. ती मोजक्या रंगांतली पानं मला नंतरच्या झगझगीत छपाईपेक्षा कितीतरी जास्त आवडतात, कारण वाईरकरांची रेषा तिथे मोकळी दिसते.

आता ग्रेडिंग, म्हणजे अंकाच्या अवस्थेला दर्जा देणं. अमेरिकेत ओव्हरस्ट्रीटची किंमत-मार्गदर्शिका 1970 पासून निघते, आणि सीजीसी ही कंपनी 2000 पासून पैसे घेऊन अंक तपासते, 0.5 ते 10 मधला आकडा देते आणि अंक कडक प्लॅस्टिकच्या पेटीत सीलबंद करते. 9.4 म्हणजे जवळजवळ कोरा, 6.0 म्हणजे नीट जपलेला, 2.0 म्हणजे पुष्कळ वाचलेला पण पूर्ण. तो तक्ता मी अभ्यासला आणि फायदा झाला, कारण दोष कसे बघायचे ते कळलं. पाठीवरच्या बारीक पांढऱ्या चिरा, पिनेभोवतीचा गंजाचा डाग, गोल झालेले कोपरे, एका बाजूला कललेली पाठ, पाण्याची लाट. पण वाचनालयातला अंक त्या तक्त्यात टाकला की त्याचं सगळं आयुष्यच दोष ठरतं. तीन शिक्के, आतल्या पानावर सभासद क्रमांक, शिवणीची भोकं आणि कटिंग मशीनवर छाटलेल्या कडा. सीजीसीकडे छाटलेल्या कडांची नोंद लेबलवर होते. छाटणी ओळखायला मी एक न कापलेला अंक कायम टेबलावर ठेवतो. त्याच्यावर दुसरा ठेवला की दोन-तीन मिलिमीटरचा फरक लगेच दिसतो.

अंक परदेशी पाठवून सीलबंद करून घ्यायचा विचार मी केला आणि सोडला. जाण्या-येण्याचा खर्च बहुतेक मराठी अंकांच्या किमतीपेक्षा जास्त. आणि माझ्या गिऱ्हाइकाला तो अंक उघडून वाचायचा असतो! म्हणून मी आकडा शेवटी देतो. आधी पानं पूर्ण आहेत का, मग कडा, मग शिक्के, मग पिना, मग मुखपृष्ठ, या क्रमाने दोष लिहितो. सगळ्यात वाईट पान पहिल्या फोटोत. बेंगळुरूहून एका गृहस्थांचा फोन आला, "एवढं कशाला सांगताय? नंबर सांगा ना." मी म्हटलं, "नंबर सांगतो, पण आधी दोष ऐकून घ्या, मग नंबर तुम्हीच द्याल." त्यांनी दिलेला आकडा माझ्या वहीतल्या आकड्यापेक्षा अर्ध्या गुणाने जास्त निघाला. मी माझाच आकडा बिलावर लिहिला. ते आजही माझ्याकडून घेतात.

नकली मालाबद्दलही सांगायला हवं. हरवलेल्या मुखपृष्ठाच्या जागी रंगीत प्रिंट लावलेले अंक बाजारात आहेत. भिंगाखाली जुन्या ऑफसेट छपाईचे रंगीत ठिपके कागदात मुरलेले दिसतात, लेझर प्रिंटवर टोनरचा थर वर बसलेला दिसतो. आतलं पान बदललं असेल तर यूव्ही टॉर्च कामाला येतो. आजचा झेरॉक्सचा कागद त्या उजेडात निळसर चमकतो, जुना न्यूजप्रिंट मंद राहतो.

किंमत ठरवताना लोक काय मागतात ते मी बघत नाही, माल काय भावाने गेला ते बघतो. मागणाऱ्याच्या आकड्याला काही अर्थ नसतो, महिनोन्‌महिने तोच अंक त्याच भावाने टांगलेला दिसतो. पॅकिंगला प्रत्येक अंक पॉलिएस्टरच्या पाकिटात घालतो. पीव्हीसीचं साधं प्लॅस्टिक कालांतराने चिकट होतं, ते नको. दोन्ही बाजूंना नालीदार पुठ्ठे, एकाच्या खाचा उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे पाकीट वाकत नाही. पावसाळ्यात मी विक्री बंद ठेवतो. त्या हवेत अंक बाहेर काढणंच चुकीचं.

खंड सोडवायचे की नाही, यावर मात्र संग्राहकांत वाद आहे. शिवण उसवली तर अंक सुटे विकता येतात, दाम जास्त येतो. पण पाठीवरची खळ ओढताना मुखपृष्ठ सोलून निघतं. इंग्रजी खंडांपैकी ज्यांची शिवण आधीच सैल होती तेवढेच मी सोडवले. मराठी खंड तसेच ठेवले. त्या बाईंडिंगनेच त्यांना इतकी वर्षं सांभाळलं, आणि वाचनालयाचा शिक्का मला त्या अंकाचा खरा पत्ता वाटतो.

विक्रीच्या पैशातून बहादूरचे काही मराठी अंक आले. एकात मधलं जोडपान नव्हतं. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी त्याच अंकाची मुखपृष्ठ नसलेली प्रत मिळाली, पानं मात्र सगळी. ते जोडपान मी पहिल्या प्रतीत ठेवलं, पिना न मारता, नुसतं सरकवून, आणि पाकिटावर चिठ्ठी लावली की हे पान दुसऱ्या प्रतीतलं आहे. कधी विकायची वेळ आली तर ती चिठ्ठी अंकाबरोबर जाईल.

तुमच्याकडे असा गठ्ठा असेल तर फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका, तिचा गोंद पिवळा होऊन कागदात उतरतो. गंजलेल्या पिना ओढून काढू नका. आणि मुखपृष्ठ गेलेले, कोपरे खाल्लेले मराठी अंक रद्दीत तर मुळीच देऊ नका. कुणाच्या तरी पूर्ण दिसणाऱ्या अंकातलं हरवलेलं पान तुमच्याच गठ्ठ्यात असेल.