पडवीतली पद्मिनी

आप्पांची प्रीमियर पद्मिनी गाडी अकरा पावसाळे पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. वेंगुर्ल्याची खारी हवा लोखंडाला सोडत नाही. बॉनेट उघडलं तर इंजिन जाम, पुली तसूभर हलेना.

मी थेट ठोकाठोकीच्या तयारीत. आप्पा म्हणाले, "हातोडो मारू नको. तेल घाल आणि गप रव." प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल ओतलं. सहाव्या दिवशी क्रँकच्या नटाला पाना लावला आणि तो हळूच सरकला. आप्पा नुसते हसले.

हे इंजिन मूळ फियाट ११०० च्या घराण्यातलं, १०८९ सीसी. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ७५. दोन सिलिंडरना गंजाचे खड्डे पडले होते, म्हणून ब्लॉक कुडाळला रीबोअरला, म्हणजे सिलिंडर आतून थोडे मोठे कापून घ्यायला, दिला आणि ओव्हरसाइज पिस्टन आणले.

सगळ्यात जीव रमला तो पिस्टनभोवतीच्या रिंगांत. रिंग सिलिंडरमध्ये घालायची, उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकलायची आणि टोकांमधल्या फटीत फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून बघायचं. फट कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते. एकेक रिंग कानशीने दोन-तीन ओढ घासून पुन्हा मापली. अख्खी संध्याकाळ गेली. आईने दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही वेळा थंडच प्यायलो.

काल सिलिंडरांवरचं झाकण, म्हणजे हेड, बसवलं. नट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत आवळले. कार्बोरेटर अजून पेट्रोलात भिजतोय.