इंदूरमध्येच सॉफ्टवेअरची नोकरी शोधताना

एम.सी.ए.चे शेवटचे सत्र सुरू झाले तेव्हा आमच्या वर्गातील बहुतेकांनी पुणे, हैदराबाद किंवा बंगळूर यांपैकी एक शहर मनाशी निश्चित केले होते. मी इंदूरमध्येच राहायचे ठरवले. आई-बाबा येथे आहेत, लोकमान्य नगरात घर आहे, आणि मला जे काम करायचे होते, म्हणजे जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत सर्व्हरच्या बाजूचे, ते या शहरात मिळते, हे आधीच्या तुकडीतील मुलामुलींकडून मला कळले होते. पुण्याच्या आत्याने "अगं, सरळ इकडे ये, माझ्याकडे राहा" असे अगदी मनापासून सांगितले, तरी माझा निर्णय बदलला नाही. तो निभावायचा तर येथील कंपन्या कशा आहेत आणि माणसे कशी निवडतात, हे आधी नीट समजून घेणे भाग होते.

सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस यांची मोठी आवारे आहेत, हे इंदूरमध्ये सर्वांना माहीत असते. परंतु अशा कंपन्या नव्या पदवीधरांची भरती बहुतांशी देशपातळीवरील परीक्षांतून करतात, त्यामुळे आवार आपल्या गावात असले म्हणून नेमणूकही येथेच होईल, याची खात्री नसते. दुसरा गट मध्यम आकाराच्या कंपन्यांचा. रिंग रोडवरील क्रिस्टल आयटी पार्क आणि परदेशीपुऱ्यातील इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्स येथे अशा कंपन्या आहेत आणि त्यांतील काही, उदाहरणार्थ इन्फोबीन्स, इंदूरमध्येच सुरू झालेल्या आहेत. तिसरा गट विजय नगर, पलासिया, गीता भवन या भागांत एखाद्या मजल्यावर वीस-पंचवीस माणसे घेऊन परदेशी ग्राहकांसाठी संकेतस्थळे आणि मोबाइल ॲप तयार करणाऱ्यांचा. या तिन्ही ठिकाणची चाचणी वेगळी असते. मोठ्या कंपनीत गणिती तर्क, इंग्रजी आणि ठरावीक वेळेत सोडवायचे प्रोग्रॅम. मध्यम कंपनीत जावा आणि एसक्यूएल, म्हणजे डेटाबेस हाताळण्याची भाषा, यांची खोलवर विचारपूस. छोट्या ठिकाणी मालक स्वतः समोर बसतो आणि "हे करून दाखवा" म्हणतो. म्हणून सर्वांसाठी एकच तयारी न करता मी दुसऱ्या गटावर भर द्यायचे ठरवले.

नोकरीच्या पोर्टलांवर अर्ज केले, परंतु तेथून उत्तरे फारशी आली नाहीत. ज्या मुलाखती झाल्या, त्यांतील बहुतेक देवी अहिल्या विश्वविद्यालयातील वरच्या वर्गाच्या विद्यार्थ्यांनी कंपनीत माझे नाव सुचवल्यामुळे झाल्या. त्यांना विनंती करताना मी केवळ बायोडाटा पाठवत नसे. कोणत्या पदासाठी, मला काय येते आणि माझे काम कोठे पाहता येईल, हे तीन-चार ओळींत लिहून देत असे. त्यामुळे त्यांना तो मजकूर तसाच पुढे पाठवता येई, आणि कामाच्या गडबडीतील माणसाकडून मदत मागताना एवढे करणे मला आवश्यक वाटते.

दाखवण्यासारखे काम मात्र एकच होते, आणि तेच सर्वाधिक उपयोगी पडले. काकांचे दवा बाजारात औषधांचे घाऊक दुकान आहे. ज्या मालाची मुदत आधी संपते तो आधी बाहेर जावा, यासाठी मी स्प्रिंग बूट ही जावाची चौकट आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून साठ्याची एक छोटी प्रणाली तयार केली होती. मध्यम आकाराच्या एका कंपनीतील तांत्रिक मुलाखत जवळजवळ पूर्णपणे याच विषयावर झाली. एकाच बॅचमधील शेवटची दहा खोकी दोन कर्मचाऱ्यांनी एकाच क्षणी दोन वेगवेगळ्या बिलांवर लावली, तर काय होईल, असे त्यांनी विचारले. दोघांनाही साठा दहाच दिसेल आणि दोन्ही बिले तयार होतील; म्हणून डेटाबेसमध्ये व्यवहार (ट्रान्झॅक्शन) सुरू करून त्या बॅचच्या साठ्याची ओळ 'सिलेक्ट फॉर अपडेट'ने आधी अडवून ठेवायची, म्हणजे पहिला व्यवहार पूर्ण होईपर्यंत दुसरा थांबतो आणि नंतर त्याला खरा साठा दिसतो, हे मी कागदावर क्रमाने मांडले. पुढे इंडेक्सचा, म्हणजे डेटाबेसमध्ये नोंदी लवकर सापडाव्यात म्हणून ठेवलेल्या सूचीचा, प्रश्न आला. औषधाचा क्रमांक आणि मुदतीची तारीख असा एकत्रित इंडेक्स का, आणि त्यातील क्रम उलटा केला तर काय बिघडेल, यावर बराच वेळ चर्चा झाली. पाठ केलेली उत्तरे अशा चर्चेत टिकत नाहीत; खऱ्या दुकानात खरी अडचण सोडवली असेल, तर उत्तर आपोआप सुचते, असा माझा ठाम विश्वास आहे.

नियुक्तिपत्रांच्या टप्प्यावर अधिक सावध राहावे लागले. एका छोट्या कंपनीने मूळ गुणपत्रिका जमा करण्याची आणि दोन वर्षे नोकरी न सोडण्याच्या बंधपत्रावर सही करण्याची अट घातली. मी नकार दिला. मूळ कागद हातचे गेले, तर पुढची नोकरी, पासपोर्ट किंवा उच्च शिक्षण यांपैकी काहीही अडू शकते.

सीटीसीचा, म्हणजे कंपनी आपल्यावर करणार असलेल्या एकूण खर्चाचा, आकडाही उलगडून पाहावा लागतो. माझ्यासमोर आलेल्या एका प्रस्तावात महिना 30,000 रुपये सीटीसी होती आणि मूळ वेतन 15,000. त्यातून कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतील 12 टक्के हिस्सा, म्हणजे 1,800 रुपये, आणि ग्रॅच्युइटीचे मूळ वेतनाच्या 4.81 टक्के, म्हणजे सुमारे 722 रुपये, आधीच वजा होतात. दहा टक्के रक्कम वर्षाअखेरीस, तीही कामगिरी पाहून, मिळणार होती; ते 3,000. उरलेल्या 24,478 रुपयांतून माझा स्वतःचा 1,800 रुपयांचा हिस्सा आणि व्यवसाय कर गेल्यावर हातात सुमारे साडेबावीस हजार येणार होते. घरभाडे द्यायचे नसल्यामुळे इंदूरमध्ये एवढ्यात माझे भागले असते, पुण्यात मात्र ओढाताण झाली असती.

ज्या कंपनीत दवा बाजारातील प्रणालीवर चर्चा झाली, तिचा प्रस्ताव याहून थोडा बरा होता. तिचे ग्राहक अमेरिकेत होते. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेनऊ वाजतात, तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे सात आणि हिवाळ्यात आठ वाजलेले असतात, त्यामुळे काम रात्रीपर्यंत चालणार हे उघड होते. सही करण्यापूर्वी मी एचआरला तीन गोष्टी ईमेलने विचारल्या: रात्री नऊनंतर घरी सोडण्याची व्यवस्था आहे का, परिवीक्षेच्या काळात आणि त्यानंतर नोटीस पीरियड किती, आणि बंधपत्र आहे का. तिन्हींचे उत्तर लेखी आले. गाडी मिळेल, नोटीस आधी एक महिना आणि नंतर दोन, बंधपत्र नाही. त्याच दिवशी आई-बाबांना ते वाचून दाखवले, होकार कळवला आणि जुलैमध्ये रुजू झाले.