मालागाचे आठ दिवस: बिली जीन किंग कपच्या अंतिम फेरीचा वृत्तांत

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघी मैत्रिणी महिलांच्या सांघिक टेनिसची अंतिम फेरी, म्हणजे बारा देशांच्या संघांचा शेवटचा टप्पा, पाहण्यासाठी स्पेनमधील मालागा येथे गेलो. १९६३ पासून चालत आलेल्या आणि २०२० पर्यंत फेड कप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्पर्धेचा तो हंगाम एप्रिलमधील पात्रता लढतींपासूनच आम्ही दूरचित्रवाणीवर पाहत होतो. फ्रान्समधील ल पोर्टेलच्या क्ले (मातीच्या) कोर्टवर एमा रादुकानूने आपल्या दोन्ही एकेरी जिंकून ब्रिटनला फ्रान्सविरुद्ध तारले, तेव्हाच जाण्याचे नक्की झाले.

स्पेनसह बहुतेक युरोपीय देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. शुल्क ९० युरो असून किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. कागदपत्रांपेक्षा भेटीची वेळ मिळवणे अधिक अवघड जाते, त्यामुळे तिकिटांची विक्री सुरू होण्याची वाट न पाहता वेळ आधीच घेऊन ठेवावी.

राहण्यासाठी मारिया साम्ब्रानो रेल्वे स्थानकाचा परिसर निवडल्याचे आम्हाला समाधान आहे. विमानतळावरून येणारी लोकल गाडी तेथेच थांबते. शेजारच्या एल पेर्चेल स्थानकावरून मेट्रोची दुसरी मार्गिका थेट सामने होणाऱ्या मार्तिन कार्पेना क्रीडासंकुलापर्यंत जाते. शेवटच्या स्थानकाचे नावच ‘पालासिओ दे लोस देपोर्तेस’ (क्रीडा प्रासाद) असल्यामुळे चुकण्याची भीती नाही.

चुकला तो आमचा अंदाज. १३ नोव्हेंबरला यजमान स्पेन आणि पोलंड यांच्या लढतीने स्पर्धा सुरू व्हायची होती, परंतु त्याच दिवशी मालागा परिसरात अतिवृष्टीचा लाल इशारा जाहीर झाला, शाळा बंद राहिल्या, नदीकाठच्या हजारो लोकांना घरे सोडावी लागली आणि लढत शुक्रवारवर, म्हणजे १५ तारखेवर गेली. वालेन्सियातील महापुराला जेमतेम पंधरवडा उलटला होता, त्यामुळे सामना बंदिस्त कोर्टवर असूनही तो पुढे ढकलण्याच्या निर्णयाबद्दल तक्रार करावी असे कोणालाही वाटले नसावे. आम्ही १५ तारखेला सेव्हिल पाहण्याचे ठरवले होते, तो बेत रद्द केला. स्पर्धेच्या मधल्या दिवसांत परत न मिळणारे आरक्षण करू नये, हा धडा आम्ही पैसे घालवून शिकलो.

शुक्रवारी मात्र भरपाई झाली. पोलंडच्या माग्दा लिनेटने स्पेनच्या सारा सोरिबेस तोर्मोला तीन सेटमध्ये हरवायला जवळजवळ चार तास घेतले आणि त्यानंतर पोलंडची इगा श्वियाँतेक व स्पेनची पाउला बादोसा यांचा सामनाही तीन सेटपर्यंत गेला. पाण्याची बाटली, उबदार शाल आणि भरपूर सोशिकपणा सोबत असावा.

नवख्या प्रेक्षकाला या स्पर्धेची रचना आधी समजून घ्यावी लागते. पात्रता फेरीत दोन देशांच्या एका लढतीत दोन दिवसांत चार एकेरी आणि एक दुहेरी सामना होता. अंतिम फेरीत मात्र एकाच दिवशी दोन एकेरी आणि गरज पडल्यास दुहेरी, एवढाच खेळ. आधी दोन्ही संघांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडू कोर्टवर येतात, नंतर पहिल्या क्रमांकाच्या. २-० झाले की दुहेरी होत नाही. म्हणून एखादी तारांकित खेळाडू पाहण्यासाठी उशिरा येणाऱ्यांची लढत अर्धी निसटते, आणि दुहेरीच्या आशेने तिकीट काढणाऱ्यांना नशिबावर विसंबावे लागते.

आमचे नशीब १८ तारखेच्या उपांत्य लढतीत फळले. इटलीच्या लुचिया ब्रोन्झेत्तीने लिनेटला हरवले, श्वियाँतेकने पहिला सेट गमावूनही जास्मिन पाओलिनीला नमवले आणि १-१ अशा स्थितीत दुहेरी सुरू झाली. पॅरिस ऑलिम्पिकचे सुवर्णपदक जिंकलेली सारा एर्रानी आणि पाओलिनी ही जोडी एकीकडे, श्वियाँतेक आणि कातार्झिना कावा दुसरीकडे. एर्रानीची सर्व्हिस इतकी संथ आहे की दूरचित्रवाणीवर ती हास्यास्पद वाटते. प्रेक्षागृहातून पाहिल्यावर कळते की चेंडू पडण्याआधीच ती पुढच्या तीन फटक्यांची जागा धरून बसलेली असते. इटलीने ७-५, ७-५ असा विजय मिळवला. संघाचा कर्णधार कोर्टच्या कडेला बसून प्रत्येक विश्रांतीत बोलतो, ते पाहायचे असेल तर बाजूची खालची आसने घ्यावीत. दुहेरीतील हालचाल समजून घ्यायची असेल तर टोकाकडील वरची. आम्हाला दुसरी अधिक आवडली.

१९ तारखेला त्याच संकुलात पुरुषांचा डेव्हिस कप सुरू झाला आणि राफाएल नदालने आपला अखेरचा सामना खेळला. साहजिकच गर्दीचा ओढा तिकडे होता. महिलांच्या दुसऱ्या उपांत्य लढतीत स्लोव्हाकियाने ब्रिटनला २-१ असे हरवले, त्याकडे फार कमी लोकांचे लक्ष गेले, याची मला अजूनही खंत वाटते.

अंतिम लढत २० तारखेला झाली. ब्रोन्झेत्तीने स्लोव्हाकियाच्या व्हिक्टोरिया ह्रुन्चाकोव्हाला आणि पाओलिनीने रेबेका श्राम्कोव्हाला सरळ सेटमध्ये हरवून इटलीला २०१३ नंतरचे पहिले आणि एकूण पाचवे विजेतेपद मिळवून दिले. एर्रानीला खेळावेच लागले नाही. एकाच दिवसाचे तिकीट परवडत असेल, तर माझ्या मते ते अंतिम लढतीऐवजी उपांत्य लढतीचे काढावे.

२०२५ पासून ही फेरी चीनमधील शेन्झेन येथे सप्टेंबरमध्ये गेली आणि संघही १२ ऐवजी ८ झाले. तेथे जाणाऱ्यांना व्हिसाची तयारी वेगळी करावी लागेल, पण शेवटच्या दिवसानंतर एक मोकळा दिवस हाताशी ठेवून परतीचे विमान घेण्याचा माझा सल्ला तेथेही लागू राहील.