तुम्ही विचारलंत म्हणून: रस्त्यात माणसं भेटतात कशी?

"तुमच्या प्रत्येक प्रवासात कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच. आम्ही हॉटेलात उतरतो, किनारा बघतो, मासे खातो आणि परत येतो. तुम्हाला माणसं भेटतात तरी कशी?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदा नीट उत्तर द्यावंसं वाटलं.

माझं उत्तर असं, की कोकणातल्या खाड्यांमुळे भेटतात.

आम्ही दोघी बहिणी पुण्याहून निघतो, ताम्हिणी उतरून माणगावात महामार्ग ओलांडतो आणि श्रीवर्धनला समुद्र गाठतो. तिथून दक्षिणेला, जमेल तितका किनारा न सोडता, पार गोव्याच्या सीमेजवळच्या रेडीपर्यंत. कुठे मुक्काम करायचा ते आधी ठरलेलं नसतं. महामार्गाने गेलं तर सावंतवाडी एका दिवसात येते. किनाऱ्याने ते होत नाही, कारण रस्ता मध्येच संपतो आणि पुढे पाणी असतं. बागमांडल्याहून वेसवीला जायचं तर मध्ये सावित्री. दाभोळहून धोपाव्याला जायचं तर वाशिष्ठी. तवसाळ आणि जयगडच्या मध्ये शास्त्री. प्रत्येक ठिकाणी गाडीसकट जंगलजेटीत, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीत, चढायचं. दाभोळची फेरी २००३ साली सुरू झाली. त्याआधी समोर दिसणाऱ्या धोपाव्याला गाडी न्यायची तर चिपळूणचा वळसा होता.

बोट पलीकडे असली की थांबावं लागतं. आपण थांबतो, एसटीतून उतरलेल्या बायका थांबतात, बर्फाच्या पेट्या घेऊन निघालेला टेम्पोवाला थांबतो. हॉटेलात आपण गिऱ्हाईक असतो, तिथे समोरच्याला आपल्याशी गोड बोलावंच लागतं. जेटीवर कुणाचं कुणाशी काही देणंघेणं नसतं, म्हणून तिथलं बोलणं खरं असतं. "पलीकडे कुठे?" एवढं विचारलं तरी पुरतं.

बागमांडल्याला एका मावशींनी आम्हाला तसंच विचारलं. श्रीवर्धनला त्यांची पोफळीची वाडी. लेक वेळासला दिलेली. हातात ओल्या काजूगरांची पिशवी आणि कडेला नातवासाठी घेतलेली तीनचाकी सायकल. "गाडी वेळासकडे जाते का गं? ही सायकल एसटीत घ्यायची म्हणजे कंडक्टरशी भांडण." आम्ही वेळासला जाणार नव्हतो, हरिहरेश्वर बघून पुढे केळशी गाठायची असं काहीसं डोक्यात होतं. पण वेळास वाटेतच म्हणायचं. मावशी मागे बसल्या आणि बाणकोटपर्यंत त्यांनी आमचं माहेर, सासर, पगार, पाठदुखी, सगळं विचारून घेतलं. पुण्यात कुणी असं विचारलं तर मला राग येतो. तिथे आला नाही, कारण त्या स्वतःचंही तितक्याच मोकळेपणाने सांगत होत्या.

लेकीच्या ओटीवर चहा झाला आणि मग "आता जेवूनच जा" झालं. जावई कासवमित्र. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि पाण्यात परत जाते. पिल्लांशी तिची गाठ पडत नाही. कासवमित्राचं काम म्हणजे उजाडायच्या आत किनारा पायाखाली घालायचा, तिची पावलं ओळखायची, कुत्र्या-कोल्ह्यांच्या आधी अंडी काढून कुंपणातल्या घरट्यात पुरायची. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ साली वेळासला हे काम सुरू केलं. जावई म्हणाला, "माझ्या लहानपणी ही अंडी लोक खायचे, ताई. आता माझा पोरगा घरटी मोजतो." दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्यामागून चालताना मला वाळूतला तो माग दिसतच नव्हता. त्याने खाली बसून बोटाने दाखवला, वल्ह्यांच्या खुणांसारखा दोन्ही बाजूंना उमटलेला. मग मात्र पुढचा माग बहिणीने त्याच्याआधी ओळखला, आणि त्याला झालेला आनंद मी विसरणार नाही.

केळशी त्या वेळी राहूनच गेली.

दाभोळला अंडा मशिदीजवळ एक चाचा भेटले. उभं आयुष्य जहाजावर गेलेलं. त्या आदिलशाही मशिदीच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी आम्हाला बंदर कुठवर होतं, गलबतं कुठे लागायची, खाडी गाळाने कशी भरत गेली ते हात लांब करून सांगितलं. चाचींनी निघताना सांदणं बांधून दिली. तेव्हापासून ईदेला आमचा फोन त्यांना आणि गणपतीत त्यांचा आम्हाला.

आणि मालवणकडे दशावतार. कार्तिकानंतर गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की रात्रभर नाटकं चालतात. लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान ते ठरतं आणि पुढचं सगळं नट उभ्या उभ्या बोलतात. आचऱ्याच्या अलीकडे पहाटे चहाच्या टपरीवर आम्हाला एक कंपनी भेटली. द्रौपदीचं काम करणारा बाप्या गालावरचा रंग पुसत म्हणाला, "खंयसून इलात? पुण्यासून? मगे बसा, चाय घेवा." रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, असं त्यांच्याबद्दल म्हणतात ते अक्षरशः समोर होतं, कारण दागिन्यांच्या आणि कपड्यांच्या ट्रंका उचलून ते गाडीत भरत होते. पुढची जत्रा कुठे, ते त्यांनी सांगितलं. आम्ही गेलो. त्यांनी रंगपटात बसवून घेतलं.

यावर दुसरा प्रश्न येतो, की असल्या ओळखी टिकतात का?

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. मावशींचा फोन लागेना. कुणाचाच लागेना, वीजच नव्हती. त्या दिवसांत मला कळलं की श्रीवर्धन आता माझ्यासाठी फिरायची जागा उरलेली नाही. शेवटी जावयाकडून निरोप आला, की माणसं सुखरूप आहेत, घरावरचे पत्रे उडाले आणि वाडी झोपली. मावशींशी बोलणं झालं तेव्हा मी काय पाठवू म्हणून विचारलं. त्यांनी एकच गोष्ट मागितली, ताडपत्री, पाऊस तोंडावर आहे म्हणून. मदतीचं सामान नेणाऱ्या एका टेम्पोतून ती पोचवली. टाळेबंदी उठल्यावर गेलो तेव्हा रांगेने आडव्या पडलेल्या पोफळी अजून पूर्ण उचलल्या नव्हत्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली, पण पोफळ लावली की फळ धरायला बरीच वर्षं जातात, आणि सत्तरीच्या मावशी रोपांची आळी करत होत्या. आम्ही दोघींनी दिवसभर पाणी घातलं.

आता खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. रेवस-रेडी सागरी महामार्ग जोडला जाईल. मला फेरी प्रिय आहे, तरी मी पुलाच्या बाजूने आहे. मावशींची लेक बाळंतपणाला रात्री माहेरी यायला निघाली तेव्हा शेवटची फेरी सुटलेली होती. म्हाप्रळ-आंबेतच्या पुलावरून, कळा सोसत, लांबचा रस्ता तिला घ्यावा लागला. माझ्या गप्पांसाठी कुणी तसं अडकून पडू नये.

जाणार असाल तर कार्तिक ते चैत्र या दिवसांत जा. फेरीची शेवटची वेळ दुपारीच विचारून ठेवा, मुक्काम सगळे आधी ठरवू नका, आणि गाडीची मागची सीट सामानाने भरू नका.