लेझरने वारा मोजायचा म्हणजे नक्की काय करायचं?

स्क्रॅमजेट म्हणजे आवाजाच्या कितीतरी पट वेगाने उडायचं इंजिन. त्याच्या आत गॅस सेकंदाला हजार मीटरच्या वर पळतो, तिथे पिटो ट्यूब (वेग मोजायची नळी) खुपसली की तिच्यापुढे शॉकवेव्हच उभी राहते, म्हणजे मोजायला गेलो आणि मोजायची गोष्टच बदलली. म्हणून लेझर. गॅसमधली पाण्याची वाफ १.४ मायक्रॉनच्या आसपास प्रकाश खाते, आणि वाफ तुमच्याकडे पळत येत असेल तर तिची शोषणरेषा (ती प्रकाशाचा जो नेमका रंग खाते तो) जराशी सरकते, तोच डॉप्लर, ट्रेनच्या हॉर्नवाला. पण सरकते किती? १००० मी/सेकंदाला तीन लाखात एक भाग! म्हणून दोन बीम तिरके सोडतात, एक प्रवाहासोबत आणि एक उलटा, आणि दोघांतला फरक बघतात, म्हणजे लेझरचा स्वतःचा रंग थोडा भटकला तरी चालतं.

गोची पुढेच आहे. एक बीम अख्ख्या रस्त्याची सरासरी देतो, भिंतीजवळचा मंद गॅस आणि मधला सुसाट, सगळं एकत्र. मग सीटी स्कॅनसारखे बरेच बीम वेगवेगळ्या कोनांतून सोडतात आणि त्यातून वेगाचा नकाशा काढतात. त्यात वेग म्हणजे व्हेक्टर, त्याला दिशाही असते, आणि बीमला फक्त स्वतःच्या दिशेतला भाग दिसतो, त्यामुळे गणित तापमानाच्या नकाशापेक्षा जास्त छळतं. आणि बीम जेमतेम पाच-पंचवीस, शोधायचे आकडे शेकडो, थोडं गृहीत धरावंच लागतं. मला तरी रंगीत नकाशा बघितला की आधी बीम किती होते तेच विचारावंसं वाटतं.