फरारबाई

आठवीत असताना मी वक्तृत्व स्पर्धेत सावित्रीबाई फुल्यांवर बोलले. भाषण वडिलांनी लिहून दिलेलं, मी घडाघडा पाठ केलेलं. “सावित्रीबाईंनी आपल्याच नगरमध्ये मिस फरार यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले, असं सांगतात,” या वाक्याला मुलं फिस्सकन हसली. फरार म्हणजे पोलीस शोधताहेत तो, एवढंच आम्हाला ठाऊक. मी पुढचं सगळं विसरले आणि रडवेली होऊन खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या बाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, “हसलात ना? आता ऐका. ही बाई पळून जाणाऱ्यांतली नव्हती.”

सिंथिया फरार अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या मार्लबरोच्या. १८२७ साली, बत्तिसाव्या वर्षी, बोस्टनहून जहाजात बसल्या आणि वर्ष सरता सरता मुंबईला उतरल्या. कुणा पाद्र्याची बायको म्हणून नव्हे. लग्न न केलेली, एकटी शिक्षिका म्हणून. मुंबईत मिशनच्या मुलींच्या शाळांवर देखरेख त्यांची. मुलगी जरा कुठे वाचायला लागली की लग्न ठरायचं आणि पाटी सुटायची. दहा वर्षांनी तब्येत ढासळली म्हणून मायदेशी गेल्या. तिथेच राहिल्या असत्या तर कोण नावं ठेवणार होतं? पण १८३९ मध्ये परतल्या, त्या थेट आपल्या नगरला.

त्या धर्मप्रसारासाठी आल्या होत्या, हेही बाईंनी लपवलं नाही. मला ते आवडलं. नाहीतर थोर माणसांचे धडे म्हणजे नुसती साखर!

नगरमधल्या त्यांच्या शाळा जोतीरावांनी मित्राबरोबर येऊन पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. फरारबाईंच्या शाळा पाहून आपण प्रभावित झालो, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं. १८५३ च्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात ते छापलेलं आहे. फरारबाई १८६२ च्या जानेवारीत वारल्या, त्याही नगरमध्येच. मुंबईला उतरल्यापासून चौतीस वर्षं झाली होती.

नववीत मी तेच भाषण पुन्हा केलं. ‘फरार’ म्हटल्यावर मुद्दाम थांबले, मुलांना पोटभर हसू दिलं आणि मग इतिहासाच्या बाईंचं वाक्य टाकलं. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकलं होतं. दुरुस्त करून आणायचं राहिलं ते राहिलंच.